हो हो, ऐकतोय

नांदेड
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सिद्धेश,

परवा फोनवर तू एका झटक्यात हो म्हणालास, त्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही. मी भांडणाची जय्यत तयारी करून फोन लावला होता. तू म्हणशील वय झालं, तू म्हणशील अझहरभाईचं तोंड बघायचं नाही, मग मी असं सुनावीन, मग तू तसं सुनावशील. आणि तू काय, तर "हो हो, चालेल की!" सगळा दारूगोळा फुकट गेला. वर म्हणालास, सविस्तर पत्राने कळव, घरात गलबला असतो, मेसेज मुलगी वाचते. या जमान्यात पत्र! मी शाळेत मुलांना पाच गुणांचं पत्रलेखन शिकवते, पण स्वतः लिहून युगं लोटली.

तर सविस्तर. फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी, संध्याकाळी, पिंपरीत. कामगारांच्या एका मंडळाला पंचवीस वर्षं होताहेत, आणि त्यांना आपला 'ब्रेकडाउन' बँड हवाय. चौघंही. ज्ञानेश हिंजवडीहून येतोय, बेस गिटार माळ्यावरून काढलीसुद्धा. अझहरभाईने "बघू" म्हटलंय, म्हणजे तो येणार.

निवेदकाला बँडचा इतिहास हवा होता. मी असा लिहून दिलाय, चुकलं असेल तर सांग:

"नव्वदीच्या शेवटी इथल्या कंपन्यांच्या स्पर्धेत तीन ऑर्केस्ट्रा दरवर्षी एकमेकांच्या नरडीला लागायचे. एकात प्रेस शॉपचा सिद्धेश ड्रम्स वाजवायचा, दुसऱ्यात टूलरूमचा ज्ञानेश बेस, आणि तिसऱ्यात थेरगावच्या इनायत मेकॅनिकचा पुतण्या अझहर गिटार वाजवायचा नि मुलगी बिल्किस गायची. १९९९ साली हे चौघं आपापले ऑर्केस्ट्रा सोडून एकत्र आले. पिंपरी कॅम्पातून आणलेल्या कॅसेटींवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची दुःखाची गाणी, ऐकायचे, आणि इनायतचाचांच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या बोलीत तशीच गायचे. स्थानिक पेपरने 'पिंपरीचा सुपरग्रुप' असं छापलं. मशीन बंद पडली की कामगाराला जो निवांतपणा मिळतो, त्यावरून नाव ठेवलं ब्रेकडाउन. २००३ साली बिल्किसचं लग्न नांदेडला झालं आणि बँड थांबला. २००८ साली पहिलं रियुनियन, तुफान गाजलं. २०१४ साली हिंजवडीत दुसरं."

दुसऱ्याबद्दल एवढंच लिहिलंय. 'भोंगा' या गाण्याच्या शेवटी आपण सगळे एकदम थांबतो, अंगावर काटा येईल अशी शांतता होते आणि मी एकटी शेवटची ओळ म्हणते, "भोंगा झाला, तू नाही आला." तिथे तू थांबलाच नव्हतास. माझ्या ओळीवर धडाधड वाजवत राहिलास, आणि अझहरभाई गिटार ठेवून निघून गेला, हे निवेदकाला सांगून काय करायचंय. झालं गेलं.

फोनवर एका गोष्टीवर तू जे बोललास ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. लाइन खराब असणार.

विजयश्रीवहिनींना सलाम.

बिल्किस


संत तुकाराम नगर, पिंपरी
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय बिल्किस,

पत्र मिळालं. इतिहास छान लिहिलायस, फक्त पहिल्या रियुनियनला पाऊस आला आणि चाचांनी आपल्या गाडीवरची ताडपत्री काढून माझ्या ड्रम्सवर धरली होती, ते राहिलं.

पण मी कार्यक्रमाला नेमकं कधी हो म्हणालो? म्हणजे म्हणालो असेन, पण माझा समज वेगळा झाला. मला वाटलं तू दिवाळीबद्दल विचारतेयस. हे जमेल असं दिसत नाही. चाकणला कंपनीत सध्या कामाची नुसती घाई आहे, रविवारीही ओव्हरटाइम लागतो. शिवाय उजवा खांदा दुखतो. शिवाय ड्रम्स मी केव्हाच देऊन टाकले. दुसरा कुणीतरी चांगला पोरगा घ्या, हल्ली क्लासमधून शिकलेले खूप असतात.

रागावू नकोस. आणि फोन करू नकोस, पत्रच बरं.

इनायतचाचांना माझा सलाम सांग. नांदेडची हवा मानवली का त्यांना? म्हणावं, गॅरेजच्या त्या काळ्या कपातल्या चहाची अजून आठवण येते. एकदा भेटायला यायचंच आहे.

सिद्धेश


नांदेड
१९ नोव्हेंबर २०२४

सिद्धेश,

तुझं पत्र मिळालं.

अब्बा ऑगस्टमध्ये गेले. मी फोनवर आधी तेच सांगितलं होतं तुला. म्हणाले, "सिद्धेश, अब्बा गेले रे." तू म्हणालास, "हो हो, छान, छान." मग विचार केला, लाइन खराब असेल, आणि पुढचं बोलले. कार्यक्रमाचं विचारलं, तू हो हो. तारीख सांगितली, हो हो. अझहरभाई येईल म्हटलं, हो हो. मला वाटलं, काय समजूतदार झालाय हा माणूस.

आता तू त्यांना सलाम पाठवतोस.

खांदा दुखत नाही तुझा. ड्रम्सही तू कुणाला दिलेले नाहीस, तू ते जिवंतपणी कुणाला देणार नाहीस हे मला माहीत आहे. मी सरळ विचारते, तू सरळ लिही.

सिद्धेश, तुला ऐकू येतं ना?

बिल्किस


संत तुकाराम नगर
२६ नोव्हेंबर २०२४

बिल्किस,

पत्र कंपनीच्या बसमध्ये वाचलं. चाचा गेले, आणि मी छान म्हणालो. हे मी कुठे ठेवू? ज्या माणसाने मला ड्रमची पहिली काडी स्वतः तासून दिली, त्याच्या मरणाला मी छान म्हणालो.

नाही येत ऐकू.

पूर्ण बहिरा नाही. कानात सतत बारीक शिट्टी वाजते आणि तिच्यामागे जग कुठेतरी लांब असतं. माणसांच्या बोलण्याचा नुसता गोंगाट येतो, शब्द गळून जातात. समोर बसून कुणी बोललं तर मी ओठ बघतो आणि बाकीचं जुळवतो. फोनला ओठ नसतात. म्हणून मी हो हो म्हणतो. माणसाला हो म्हटलं की तो पुढे जातो. काय म्हटलं की तो थांबतो, आपल्याकडे निरखून बघतो. मला त्या बघण्याची भीती वाटते.

इतकी वर्षं प्रेस शॉपमध्ये, पत्र्यावर आदळणाऱ्या मशीनच्या धडधडीत, वर ड्रम्स. तरुणपणी कानात घालायची बोंडकं दिली होती, ती आम्ही खिशात ठेवायचो, कारण प्रेसचा ठेका ऐकत काम करायला मला आवडायचं. दरवर्षी कानाची तपासणी होते. मशीनवाली बाई काचेपलीकडे बसते. आवाज सोडला की तिचा खांदा किंचित हलतो. खांदा हलला की मी बोट वर करतो. असा मी दरवर्षी पास होतो.

हिंजवडीत तेच झालं. माझ्या बाजूचा स्पीकर बंद पडला आणि सगळं एकदम लांब गेलं. तुम्ही थांबलात हे मला कळलंच नाही. डोकं खाली घालून वाजवत होतो, वर बघितलं तर अझहर चालला होता. मला वाटलं त्यालाच मस्ती आलीय.

भीती एकीकडून नाही येत, बिल्किस. मागून फोर्कलिफ्ट येते तेव्हा मला लोकांच्या चेहऱ्यावरून कळतं. रस्ता ओलांडताना मी कुणाच्या तरी सोबतीने ओलांडतो. घरी विजयश्री स्वयंपाकघरातून काही बोलते, मी हो हो म्हणतो, आणि ती बाहेर येऊन माझ्याकडे बघते. आणि कंपनीत कळलं तर प्रेसवरून उचलतील. प्रेस सोडून मला दुसरं काय येतं? ड्रम्स. ड्रम्सवर बसायची मला आजही भीती नाही. थांबायची आहे. कधी थांबायचं ते ऐकूनच कळतं.

हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. विजयश्रीलाही नाही. तू कुणाला सांगणार नाहीस, चाचांची शपथ घाल स्वतःला.

सिद्धेश


नांदेड
४ डिसेंबर २०२४

सिद्धेश,

शपथ घातली. पण घालताना मन कचरलं, हेही लिहून ठेवते.

तुझं पत्र आल्यावर मी एक वेडेपणा केला. दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले, वरून ओढणी घट्ट बांधली आणि बाजारात गेले. पहिल्या चौकापर्यंत मजा वाटली. मग एका रिक्षाचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. ती आलेली मला कळलीच नव्हती. रिक्षावाला तोंड वासून काहीतरी ओरडत होता, बायका बघत होत्या, आणि खरं सांगू, माझ्या तोंडातून काय निघालं? "हो हो." मी तिथेच कापूस काढून फेकला.

मी घरी येऊ शकले. तुला तो कापूस काढता येत नाही, आणि तू रोज तसाच त्या मशीनपुढे उभा राहतोस. तुझ्या मशीनमध्ये दुसऱ्यांचे हात असतात ना रे? मला त्यातलं फार कळत नाही, पण गॅरेजमध्ये अब्बा गाडीखाली असले की आम्ही स्टिअरिंगला हातसुद्धा लावायचो नाही, एवढं मला आठवतं.

कार्यक्रमाचं मी सध्या थांबवते. डॉक्टरकडे जा. कंपनीच्या नाही, बाहेरच्या. आणि पत्र लवकर टाक. हल्ली फोन वाजला की आधी नंबर बघते, कुणी चाकणहून तर नाही ना.

बिल्किस


संत तुकाराम नगर
२० डिसेंबर २०२४

बिल्किस,

चालत्या बसमध्ये लिहितोय, अक्षर लावून घे.

आमच्याकडे पत्र्याला आकार देणारा जो पोलादी साचा असतो, त्याला डाय म्हणतात. तो बसवायचं काम उद्धवरावांचं. मावळातला म्हातारा, निवृत्तीला आलेला, माझ्याशी फार मायेने वागतो. डाय बसवताना उद्धवराव आत वाकतात आणि मी बाहेर बटणावर असतो. मशीन एका वेळी बोटभरच खाली आणायची असते. ते आतून "इंच" म्हणतात, मी दाबतो. पुन्हा "इंच", पुन्हा दाबतो. खरं तर आत माणूस असताना ठोकळा लावून मशीन अडवायची असते. पण घाईत कुणी लावत नाही, आम्हीही नव्हता लावला.

सोमवारी ते आतून काहीतरी बोलले. मला फक्त आवाज आला, शब्द नाही आला. मी "हो हो" म्हणालो आणि दाबलं.

ते म्हणाले होते, "थांब."

त्यांनी हात काढला. कसा काढला त्यांनाच ठाऊक. हातातली बॅटरी आत राहिली. ती बाहेर काढली तेव्हा चपट्या पत्र्यासारखी झाली होती. ती पितळी होती, बिल्किस. पितळेची!

मी वळून मशीनला टेकलो. उद्धवराव मागून आले, खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाले. मी न वळताच म्हणालो, "हो हो."

चहाच्या वेळी ते माझ्या बरोबर समोर येऊन बसले. तोंड माझ्याकडे करून, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलले. "मगाशी मी तुला काय इचारलं, सांग बरं." मला सांगता येईना. तेव्हा म्हणाले, "मी इचारलं, तुला ऐकू येत न्हाई, व्हय? आन् तू हो हो म्हनलास."

इतकी वर्षं ज्या दोन शब्दांमागे लपलो, त्यांनीच मला उघडं पाडलं. मला हसू आलं आणि मग घाम फुटला.

ते पुढे म्हणाले, "मी सायबाला सांगणार न्हाई. तुझं तू बघ. पर उद्यापास्नं तुझ्या मशिनीत मी हात घालणार न्हाई." आणि गेले. त्यांनी खरंच दुसरी लाइन मागून घेतली. आता माझ्या प्रेसवर गणराज नावाचा दुसरा माणूस डाय बसवतो. त्याला काहीच माहीत नाही. तो आत वाकतो तेव्हा मी त्याच्या पाठीकडे बघत बसतो, पाठ बोलते का ते शोधत.

काय करू?

सिद्धेश


नांदेड
२६ डिसेंबर २०२४

सिद्धेश,

काय करू म्हणून मला विचारू नकोस. तुला माहीत आहे.

गणराजच्या घरी कोण आहे, ठाऊक आहे का तुला? मला नाही. पण परवापासून मला त्याच्या घरातलं कुणीतरी दारात उभं राहिलेलं दिसतं. मी वर्गात शिकवते आणि मधेच माझं बोलणं तुटतं. तू मला अब्बांची शपथ घालायला लावलीस. अब्बांनी आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे ब्रेक दुरुस्त केले. माझ्या गप्प बसण्याने कुणाचा हात गेला तर ती शपथ त्यांना कबूल असेल का? मला नाही वाटत.

मकरसंक्रांतीपर्यंत तू स्वतः सांग. कंपनीत आणि घरात, दोन्हीकडे. नाही सांगितलंस तर मी विजयश्रीवहिनींना फोन करीन. शपथ मोडली म्हणून जन्मभर माझ्याशी बोलू नकोस, चालेल. कुणाच्यातरी दहा धड बोटांच्या बदल्यात मला ते परवडेल.

तोवर रजा टाक. खांदा दुखतो ना तुझा? त्या खांद्याची रजा टाक.

बिल्किस


नांदेड
९ जानेवारी २०२५

सिद्धेश,

उत्तर नाही. ज्ञानेशला विचारलं तर तो म्हणतो, मेसेजलाही तुझं उत्तर नाही. रोज पोस्टमनची वाट बघते आणि तो दिसला की आत पळावंसं वाटतं.

नुसतं एवढं लिही की सगळ्यांचे हात जागेवर आहेत. बाकी काही नको.

बिल्किस


संत तुकाराम नगर
१३ जानेवारी २०२५

बिल्किस,

सगळ्यांचे हात जागेवर आहेत. माफ कर, आधी रजेवर होतो आणि लिहायचा धीर होत नव्हता.

गेल्या सोमवारी कामावर गेलो. पाळी सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळे ओळीत उभे राहून सुरक्षेची शपथ घेतो. कुणाचं लक्ष नसतं, सगळे नुसते ओठ हलवतात. त्यात मी ओठ हलवण्यात सगळ्यात पटाईत. शपथ संपल्यावर सुपरवायझरने विचारलं असणार, कुणाला काही सांगायचंय का. मी हात वर केला आणि म्हणालो, "मला ऐकू येत नाही."

पोरं हसली. त्यांना वाटलं मी मागून मोठ्याने बोला म्हणतोय. मी पुन्हा म्हणालो, "मला ऐकूच येत नाही. मला प्रेसवरून काढा." तेव्हा हसणं थांबलं, म्हणजे दात दिसायचे थांबले. उद्धवराव रांग सोडून आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

आता मी स्टोअरमध्ये आहे. तिथे ठेवतील की घरी बसवतील ते अजून ठरायचंय. त्या भीतीने झोप लागत नाही, पण ती वेगळी भीती आहे, ती माझी एकट्याची आहे. डॉक्टर म्हणाले, कानामागे लावायचं यंत्र मिळेल. बोलणं थोडं उमजेल, गाण्याचं मात्र सांगता येत नाही.

विजयश्रीला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला माझा कंटाळा आलाय." मग स्वयंपाकघरात गेली. तिची पाठ हलत होती म्हणून कळलं.

परवा डांगे चौकात अझहरच्या गॅरेजवर गेलो. तो बॉनेटमध्ये डोकं घालून होता, मला बघून तसाच काहीतरी पुटपुटला. माझ्या तोंडात हो हो आलं होतं, ते गिळलं आणि म्हणालो, "काय?" त्याने डोकं बाहेर काढलं. मी सगळं सांगितलं. तो फडक्याने पाना पुसत राहिला. मग अगदी माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाला, "एवढ्यासाठी दहा वर्षं बोलला नाहीस, राव?"

मी वाजवीन, बिल्किस. ड्रम्स माळ्यावर आहेत, तुझं खरं होतं. ज्ञानेश म्हणतो बेसचा स्पीकर माझ्या स्टुलाखालच्या पाटावर ठेवू, म्हणजे ठेका बुडातून वर येईल. गायच्या आधी तुझा खांदा वर होतो, तो मी बघीन. काचेपलीकडच्या बाईमुळे खांदे बघायची सवय आहे. थांबायच्या जागी तू हात उंच कर, पंजा उघडा. प्रेस शॉपमध्ये त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

भीती वाटते. नाही वाटत असं लिहिलं तर तू पुन्हा नांदेडहून पकडशील.

सिद्धेश


संत तुकाराम नगर
२५ फेब्रुवारी २०२५

बिल्किस,

कार्यक्रमानंतर तू लगेच सकाळच्या गाडीने गेलीस, नीट बोलणं झालं नाही. तसंही लोकांच्या गराड्यात माझं यंत्र नुसतं खरखरतं.

मला एकच विचारायचंय. 'भोंगा'च्या शेवटी काय झालं?

तुझ्या पंजाकडे डोळे लावून वाजवत होतो, आणि स्टेजवरचे सगळे दिवे गेले. ठार काळोख. दिवेवाल्याला वाटलं असेल, शांततेच्या जागी अंधार केला की परिणाम साधेल. त्याला कोण सांगणार की मी डोळ्यांनी ऐकतो. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो, अगदी बॅटरी चपटी झाली तेव्हासुद्धा नाही. कान नाहीत, आता डोळेही नाहीत. थांबलो आणि तुम्ही वाजवत असलात तर? वाजवत राहिलो आणि तुम्ही थांबला असलात तर? हात आपोआप चालत राहिले.

पायाखालचा पाट मधे थरथरायचा थांबला होता. मला वाटलं, झालं, पुन्हा हिंजवडी. अझहर उठला असणार. आणि मग पाट पुन्हा थरथरायला लागला, आधीपेक्षा जोरात. दिवे आले तेव्हा सगळे वाजवत होते, तू पंजा वर केलास, मी थांबलो. लोक उभे राहिलेले दिसले.

विजयश्री म्हणते छान झालं. छान या शब्दावर आता माझा विश्वास नाही. कसं वाजलं ते तू लिही. खरं लिही.

सिद्धेश


नांदेड
३ मार्च २०२५

प्रिय सिद्धेश,

खरं लिहिते.

आपण चुकलो. म्हणजे आधी तिघं थांबलो, ठरल्याप्रमाणे. मी पंजा वर केला आणि त्याच क्षणी दिवे गेले. काळोखात तू एकटा वाजवत राहिलास. माझा हात तसाच वर. दुसऱ्या हाताने दिवेवाल्याला खुणा केल्या, पण अंधारात त्या कुणाला दिसणार. पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. मला वाटलं, आता हा थांबेल, वर बघेल, त्याला कळेल, आणि हा माणूस पुन्हा कधी काडीला हात लावणार नाही.

अझहरभाई माझ्या डाव्या बाजूला होता. मला त्याची हालचाल जाणवली. मागच्या वेळी तो असाच उठला होता. पण तो ज्ञानेशकडे गेला. अंधारात धडपडत गेला, वायरीत पाय अडकला, आणि त्याचे शब्द मी ऐकले ते जसेच्या तसे लिहिते. म्हणाला, "वाजव, वाजव. एकटं सोडू नको त्याला."

मग तुझा पाट थरथरला.

मग अझहरभाईची गिटार आली. ती कशी आली हे मला लिहिता येत नाही. २००८ सालीसुद्धा त्याने असं वाजवलं नव्हतं. मी माझी ओळ शांततेत म्हणणार होते, ती तुझ्या ड्रम्सवरून ओरडून म्हटली. हसणारा गप्प झाला. दिवे आले तेव्हा लोक उभेच होते, आणि पहिल्या रांगेत एक फेटेवाला म्हातारा दोन्ही हात वर करून नाचत होता. ते तुझे उद्धवराव असं नंतर कळलं. दहाही बोटं मी पाहिली.

तर असं वाजलं. छान नाही म्हणणार. इतकं घाबरून मी कधी गायले नव्हते आणि इतकं खरंही नाही. अब्बा असते तर म्हणाले असते, गाडी घाटात बंद पडली आणि चौघांनी ढकलत आणली.

ते मंडळवाले पुढच्या वर्षीचं विचारताहेत. निघताना मी तुला तेच विचारलं होतं, तू "काय?" म्हणालास, तेवढ्यात कुणीतरी हाताला धरून तुला नेलं. म्हणून इथे विचारते. चौथं रियुनियन करायचं का? तोवर तुला आजच्याइतकंही ऐकू येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय ते मला माहीत आहे, वहिनींनी कळवलं. घाई नाही. दोनदा वाच, मग लिही.

बिल्किस


संत तुकाराम नगर
१० मार्च २०२५

प्रिय बिल्किस,

दोनदा वाचलं. भीती वाटते.

हो.

सिद्धेश